चाळण

औराद शहाजानी. ग्रामीण रुग्णालय, खोली नंबर नऊ.
आधी इथं गाद्या ठेवायचे, भिंतीला अजून कापसाचा वास आहे.
टेबल, दोन खुर्च्या, सुया टाकायचा डबा,
आणि मी, बारा वर्षांपासून
लोकांना न विचारायचं ते विचारणारी.

या महिन्यात किट कमी आलेत.
जिल्ह्यावरून फोन : मॅडम, आधी चाळा, मग टोचा.
सरसकट नको.
म्हणून हा नवा फॉर्म. अकरा प्रश्न.
दोन 'होय' आले तर बोटाला सुई,
नाहीतर गोळ्या घेऊन घरी.

सकाळी जेसीबीवाला पोरगा, प्रेमराज.
चौथ्या प्रश्नाला इतका हसला
की पाचव्याला रडायलाच लागला.
त्याला टोचलं.
मग अंगावर चट्टे उठलेले धोंडगे गुरुजी.
"बाई, मी एकसष्ट वर्षांचा आहे," एवढंच म्हणाले,
आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला परत तेवढंच.
मी अकरा वेळा 'नाही' लिहिलं.
जाताना दार लावायचं विसरले,
मग फाटकापासून परत आले, लावून गेले.

अकराच्या सुमाराला केवळाबाई.
कंबर दुखते म्हणून केसपेपर काढलेला,
पदराच्या गाठीत वीस रुपये.

जोडीदार किती?
"एक."
लग्नाआधी?
"तवा म्या तेरा वर्साची होते."
रक्त चढवलं कधी?
"न्हाई."
सुई, टोचणं, गोंदण?
तिनं हनुवटी पुढं केली :
तीन हिरवे ठिपके, आजोळच्या जत्रेतले.

बेरीज शून्य.
जोखीम : नाही.

"काय लिवलालाव, बाई?"
काही नाही मावशी, तुम्हाला धोका नाही म्हणून.
सगळ्यांना टोचायला किट नाहीत, ही चाळणी आहे.

"चाळणी," म्हणाली. जरा वेळ गप्प बसली.
"चाळणीत माती खाली जाते, मोठा खडा वर ऱ्हातो.
पर ज्वारीएवढाच खडा आसला
तर चाळणीला कळत न्हाई.
त्यो हातानं निवडावा लागतो.
न्हाईतर मग दाताला कळतो."

मग सांगितलं.
नवरा बोअरच्या गाडीवर. आठ-आठ महिने कर्नाटकात, तेलंगणात,
सातशे फूट, नऊशे फूट.
पाणी लागलं की फोन करतो, नाही लागलं की करत नाही.
आखाडात आला तो निम्मा होऊन.
तोंडात पांढरं, ताप उतरेना, घास उतरेना.
"दवाखान्यात येत न्हाई. इचारलं की ताट फेकतंय.
म्हनून त्याचं माझ्या रगताला इचारा."

फॉर्म तिला विचारत होता, ती कुठं कुठं गेली.
ती तर कुठंच गेली नव्हती.

मला माझा फॉर्म आठवला,
ट्रेनिंगमध्ये सरावासाठी भरलेला.
जोडीदार : एक. बेरीज : शून्य.
हे तेव्हा सोलापूरला बदलीवर,
शनिवारी यायचे,
एखाद्या शनिवारी यायचे नाहीत.

खाली 'इतर' म्हणून अर्ध्या बोटाची जागा असते.
तिथं लिहिलं : स्वतः मागितली.
किट उघडलं. तेरा उरली.

बोट दाबलं तरी रक्त येईना,
खुरप्यानं जाड झालेलं कातडं.
"आजून टोचा," म्हणाली, "मला काय व्हतंय."

वीस मिनिटं बाहेर बाकावर बसा म्हटलं.
ती बसून राहिली तिथंच, माझ्यासमोर,
पट्टीकडं बघत, तव्यावरच्या भाकरीकडं बघावं तशी.
गुलाबी पाणी वर सरकलं.
एक रेघ उमटली.

"आलं?"

थांबा मावशी.
ही सगळ्यांचीच येते.